ब्रेक नरम लागतो की खाली बसतो?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की एक प्रश्न हमखास माझ्या वाट्याला येतो. "अहो, गाडीचा ब्रेक जरा विचित्र लागतोय. गॅरेजवाला म्हणतो मास्टर सिलिंडर गेलाय, सात-आठशे डॉलर पडतील. खरंच बदलावा लागेल का हो?" मी विचारतो, "विचित्र म्हणजे कसा?" त्यावर उत्तर येतं, "म्हणजे... नीट लागत नाही." तेवढ्यात रांग पुढे सरकते, ताटात श्रीखंड पडतं आणि ब्रेकचा विषय मागे राहतो. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच सांगावं, तशातला हा प्रकार. माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली. पण निदानाची पहिली पायरी दोन्हीकडे एकच असते. लक्षण नेमक्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. रांगेत उभ्याने ते जमत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

ब्रेकच्या पेडलच्या तक्रारी मुख्यतः तीन जातींच्या असतात. पहिली, पेडल नरम लागतं: पायाखाली जुन्या गादीसारखं दबतं, पण कुठेतरी जाऊन थांबतं. दुसरी, पेडल खाली बसतं: पाय तेवढ्याच जोराने दाबून धरला तरी ते हळूहळू, लिफ्ट उतरावी तसं खाली जात राहतं. तिसरी, पेडल लांब जातं: सुरुवातीचं बरंच अंतर काहीच हाताला, म्हणजे पायाला, लागत नाही आणि मग एकदम भिंत लागते. बोलताना आपण तिन्हींना "ब्रेक ढिला झाला" म्हणतो. प्रत्यक्षात हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांनाही मास्टर सिलिंडर बदलणं हा उपाय म्हणजे प्रत्येक तापाला पेनिसिलिन. यातला कुठला आजार आपल्या गाडीला आहे हे गाडी जागेवर उभी असताना, एकही डॉलर खर्च न करता, नुसत्या उजव्या पायाने ओळखता येतं. कसं, ते समजायला आधी थोडा हिशेब करू.

एक मध्यम आकाराची गाडी धरा. तुम्ही पेडलवर वीस किलो जोर लावला. पेडल ही एक तरफ आहे, तिची पट चारची धरू, म्हणजे पेडलच्या दांड्यावर ऐंशी किलो झाले. पुढे इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर. त्याने हा जोर आणखी चौपट केला: तीनशे वीस किलो. हा जोर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडतो. दट्ट्याचा व्यास बावीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळ ३.८७ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की ब्रेक ऑईलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ८३ किलो दाब तयार होतो. शाळेत शिकलेल्या पास्कलच्या नियमाप्रमाणे तोच दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधला दट्ट्या ५४ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्यावर जवळजवळ एकोणीसशे किलो जोर येतो. वीस किलोचे एकोणीसशे, तेही एकेका चाकावर! मोटारीला अशा ऑईलच्या ब्रेकची कल्पना माल्कम लॉकहीड यांची. विमानाच्या धंद्यातून बाहेर पडून ते या कामाला लागले, आणि १९२१ च्या डूझनबर्ग गाडीत त्यांचे ब्रेक चारही चाकांवर बसले. तत्त्व अजून तेच आहे.

मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढला त्या प्रमाणात अंतर कमी झालं. पेडल अगदी तळापर्यंत, बारा सेंटिमीटर, दाबलं तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तीन सेंटिमीटर सरकतो आणि साडेअकरा मिलिलिटर ऑईल पुढे ढकलतो. चहाचे दोन-सव्वादोन चमचे! चारही चाकांना मिळून खर्चायला एवढाच शिधा. एरवी तो पुरून उरतो, कारण पॅड डिस्कपासून केसाएवढ्या अंतरावर असतात. हे दोन चमचे तीन ठिकाणी वाया जाऊ शकतात. ते कशाला तरी दाबण्यात खर्ची पडतात, कुठेतरी गळून जातात, किंवा नको इतकी मोठी फट भरण्यात संपतात. नरम, बसणारं आणि लांब, या तीन तक्रारींची ही तीन कारणं.

आता नरम पेडल. ब्रेक ऑईल दाबलं जात नाही असं आपण म्हणतो. अगदी तसं नाही, पण आपल्या ८३ किलो दाबाखाली ते शंभरात अर्धा भागही आकसत नाही. हवेचं तसं नाही. ऑईलच्या नळीत एक मिलिलिटर हवा अडकली असेल तर त्या दाबाखाली ती ऐंशीव्या हिश्शाइतकी उरते, म्हणजे जवळजवळ नाहीशीच होते. ती जागा भरायला एक मिलिलिटर ऑईल जास्त ढकलावं लागतं. त्यासाठी दट्ट्या अडीच मिलिमीटर जास्त सरकतो, आणि पेडल चौपट, म्हणजे पूर्ण एक सेंटिमीटर जास्त खाली जातं. चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढा बुडबुडा आणि पायाखाली एक सेंटिमीटर! चार-पाच मिलिलिटर हवा असेल तर पेडलचं निम्मं अंतर त्यातच गेलं.

आणखी एक गंमत आहे, आणि निदानाला तिचा उपयोग होतो. बॉईलच्या नियमाप्रमाणे हवेचं आकसणं सुरुवातीलाच उरकतं. वातावरणाच्या दहापट दाबाला तिचा नऊ-दशांश भाग संपलेला असतो, आणि तेवढा दाब यायला वरच्या हिशेबाने पायाचा दोन-सव्वादोन किलो जोर पुरतो. म्हणून हवा असलेलं पेडल हलक्या पायाला मऊ लागतं आणि जोर वाढवला की हळूहळू घट्ट होत जातं. याउलट हलक्या पायाला ठीक, पण जोरात दाबलं की रबर ताणल्यासारखं देत राहणारं पेडल असेल, तर हवेपेक्षा दुसऱ्या गोष्टींचा संशय घ्यावा: चाकाजवळची रबरी नळी म्हातारी होऊन फुगते आहे, पॅड एका बाजूला तिरके झिजले आहेत, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या आहेत आणि सरकण्याऐवजी कॅलिपर वाकतो आहे. आमच्या मिशिगनमध्ये ही शेवटची तक्रार फार. त्यावर औषध म्हणजे पिना काढून स्वच्छ करून त्यासाठीचं खास ग्रीस लावणं. खर्च आठ-दहा डॉलर आणि एक दुपार.

इथे कुणी विचारील, हवा एवढी वाईट तर आपल्या एसटीला आणि इथल्या मोठ्या ट्रकना हवेचेच ब्रेक कसे? तिथे हवा हाच काम करणारा गडी आहे. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा सतत भरत असतो, त्यामुळे थोडी आकसली तरी मागून हवी तेवढी येते. आपल्या गाडीत मागून यायला कुणी नसतं; पेडलच्या एका दाबात असतात ते दोन चमचेच.

दुसरी तक्रार, खाली बसणारं पेडल. तिन्हींत गंभीर हीच. दाब तोच, पाय तोच, पण पेडल वेळेबरोबर खाली जातं याचा अर्थ ऑईल कुठेतरी निसटतं आहे. हवा एकदा दाबली गेली की थांबते, गळती थांबत नाही. परीक्षा साधी आहे. इंजिन बंद ठेवा. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल ताठ होईल. आता पाय दाबून धरा आणि घड्याळाकडे बघा. पूर्ण एक मिनिट. एकदा मध्यम जोराने, एकदा अगदी हलक्या पायाने. पेडल जिथल्या तिथे राहिलं तर गळती नाही. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा: पेडल बोटभर खाली जाईल आणि थांबेल. हे खाली जाणं निरोगी गाडीचं लक्षण आहे, बूस्टर कामाला लागला एवढाच त्याचा अर्थ. हे पाहून घाबरलेले निदान तीन जण मला भेटले आहेत, आणि त्यांतल्या एकाने नवा मास्टर सिलिंडर बसवूनही घेतला होता. अर्थात नव्या सिलिंडरनंतरही पेडल तसंच खाली जात राहिलं.

हलक्या पायाची परीक्षा वेगळी का सांगितली? मास्टर सिलिंडरमधल्या दट्ट्यावर रबरी सील असतं, त्याला ओठासारखी कड असते. दाब वाढला की ऑईलच त्या ओठाला सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट चिकटवतं. सील झिजलं असेल तर जोराच्या दाबाला ते कसंबसं धरतं, पण हलक्या दाबाला ओठ सैल राहतो आणि ऑईल त्याच्या कडेने मागे सरकतं. म्हणून अशा गाडीची तक्रार ठरावीक असते. लाल दिव्याला पाय हलका ठेवून उभं असलं की पेडल बसत जातं, आणि घाबरून जोरात दाबलं की ब्रेक नीट लागतो. ही तक्रार ऐकली की मी मास्टर सिलिंडरकडे बोट दाखवतो. शिवाय या आजारात ऑईल गाडीबाहेर जात नाही, सीलच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. त्यामुळे टाकीतली पातळी कमी होत नाही. "ऑईल तर भरलेलं आहे" हा निर्धास्तपणा इथे उपयोगाचा नाही.

पातळी कमी होत असेल तर गळती बाहेर आहे, ती शोधायची. चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, मागे ड्रम असतील तर त्यांच्या खालच्या कडेला डाग आहे का, रबरी नळ्यांना भेगा आहेत का, ते पाहा. एक लपलेली जागा लक्षात ठेवा: मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं तर ऑईल बूस्टरच्या पोटात उतरतं. जमिनीवर थेंबही दिसत नाही. कधी ते इंजिनमध्ये खेचलं जाऊन मागून पांढरा धूर येतो. सिलिंडर बूस्टरला जिथे टेकतो तिथे खालच्या बाजूने बोट फिरवलं तर ओल लागते.

आणि आपल्याकडची खास गळती म्हणजे मिठाची. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीखालच्या लोखंडी नळ्या खातं. २०१५ साली अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने जुन्या ट्रक आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची चौकशी संपवताना इशारा दिला होता, की मिठाच्या राज्यांत सात-आठ हिवाळ्यांत या नळ्या धोकादायक होण्याइतक्या गंजू शकतात. गाडीचा खालचा भाग वरचेवर धुवावा, हाही सल्ला त्यात होता. आपण गाडी वरून चकाचक ठेवतो, खालून बघत नाही. नळीवर खपली धरली असेल, नखाने पापुद्रा निघत असेल, तर ती बदलायची वेळ झाली. गंजलेल्या तुकड्यापुरता नवा तुकडा बसवण्यात मला अर्थ वाटत नाही. एक जागा खाल्ली गेली तर शेजारची जागाही त्याच मिठात होती. बदलायचीच तर निकेल-तांब्याची नळी घ्यावी. ती वाकवायला सोपी आणि गंजाला दाद न देणारी असते. मात्र जोड करताना तांब्याची साधी दाबपट्टी वापरणं हे ब्रेकच्या बाबतीत पाप आहे. तो दाब धरण्यासाठी ती बनलेलीच नाही.

गाडी चालवताना पेडल तळाला गेलं तर? अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दुहेरी ब्रेक सक्तीचे आहेत: मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन कप्पे, प्रत्येक कप्पा दोन चाकं सांभाळतो. एक फुटला तरी दुसरा उरतो, फक्त पेडल खूप खाली जाऊन लागतं आणि जोर जास्त लावावा लागतो. म्हणून पहिल्यांदा पेडल खाली गेलं तरी पाय काढून घेऊ नका, आणखी दाबा. मग भराभर पंप करा, खालच्या गिअरमध्ये या, हँडब्रेक हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका. बूस्टर आणि स्टीअरिंगची मदत त्यावर आहे. आणि थांबल्यावर "घर जवळच आहे, हळू हळू नेतो" हा विचार मनातून काढून टाका. गाडी टो करा.

पंप करण्यावरून तिसऱ्या तक्रारीकडे येतो. आपल्यातल्या ज्यांनी भारतात अँबॅसिडर चालवली आहे, त्यांच्या पायाला पंप मारायची सवय आहे. पहिल्या दाबाला ब्रेक तळाशी, दुसऱ्याला मध्यावर, तिसऱ्याला वर! ते लांब पेडल. ड्रममधले ब्रेक शू झिजले, की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते आणि आपले दोन चमचे ती भरण्यातच संपतात. दुसऱ्यांदा चटकन दाबलं की शू मागे सरकायच्या आत टाकीतून नवं ऑईल आलेलं असतं, म्हणून पेडल वर येतं. खूण अशी: पंप केल्यावर पेडल वर येऊन दगडासारखं घट्ट लागलं तर दोष फटीचा, वर आलं पण मऊच राहिलं तर हवा. इथल्या ज्या गाड्यांना मागे ड्रम आहेत त्यांत फट आपोआप कमी करणारी यंत्रणा असते, पण ती हँडब्रेक ओढल्यावर किंवा उलट्या गिअरमध्ये ब्रेक दाबल्यावर काम करते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी पार्कमध्ये टाकून हँडब्रेक वर्षानुवर्षं न ओढणारे आपण बहुसंख्य. ती यंत्रणा गंजून बसली तर नवल काय? चारही चाकांना डिस्क असतील आणि वळण घेतल्यानंतरचं पहिलंच पेडल लांब जात असेल, तर बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क डगमगते आहे. ती पॅडना मागे ढकलते.

इथवर सगळं पायाने झालं. पण कधी लक्षणं एकमेकांत मिसळतात, तेव्हा पाय पुरत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांनी हौसेने पुढचे दोन्ही कॅलिपर स्वतः बदलले. पेडल नरम. दोन बाटल्या ऑईल घालून हवा काढली, तरी नरम. गॅरेजमध्ये नेली, तिथे मास्टर सिलिंडर बदलला गेला, तरी नरम. मग सांगण्यात आलं की एबीएसचं युनिटच गेलं आहे, दीड हजार डॉलर. त्या रात्री त्यांचा फोन आला.

सॉफ्टवेअरमध्ये हजार ओळींत चूक शोधायची तर आम्ही पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. मधोमध थांबून विचारतो, चूक याच्या अलीकडे की पलीकडे? दर प्रश्नाला निम्मा गाव वगळला जातो. ब्रेकलाही हेच लागू पडतं. मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या नळ्या सोडवून तिथे त्याच आट्यांच्या बुचांनी तोंडं बंद करायची. आता पेडल दाबा. सिलिंडर चांगला आणि त्यात हवा नसेल तर पेडल जरासं हलून दगड होतं. बसत गेलं, तर सिलिंडर वाईट, प्रश्न संपला. दगड झालं तर सिलिंडरला क्लीन चिट. नळ्या परत जोडून त्या सांध्यांतली हवा आधी काढून घ्या, नाहीतर पुढची परीक्षा खोटी ठरेल. मग चाकांजवळच्या चारही रबरी नळ्या गुळगुळीत तोंडाच्या क्लॅम्पने चिमटायच्या. साधी पक्कड नको, तिने नळी आतून फाटते, आणि पोलादी जाळीच्या नळ्या तर चिमटायच्याच नाहीत. चारही चिमटल्यावरही पेडल मऊ राहिलं किंवा बसलं, तर दोष मधल्या भागात, म्हणजे लोखंडी नळ्यांत किंवा एबीएसमध्ये. एबीएसच्या आतली झडप कचऱ्याने नीट मिटली नाही तर पेडल हुबेहूब मास्टर सिलिंडर गेल्यासारखं बसतं, हे पुष्कळ गॅरेजवाल्यांच्याही ध्यानात येत नाही. चारही चिमटल्यावर पेडल ताठ झालं तर दोष चाकांकडे. एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल खाली गेलं, ते आपलं चाक.

त्या गृहस्थांच्या गाडीचे मागचे क्लॅम्प सोडले, पेडल ताठच. पुढचा डावा सोडला, पेडल खाली. उजवा सोडला, आणखी खाली. टॉर्च घेऊन वाकून बघितलं, तर हवा काढायचं निपल कॅलिपरच्या तळाशी! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. दोन्ही अगदी तंतोतंत बसतात, काही अडत नाही. पण हवा वर जाते आणि निपल खाली, मग बाटल्या ओता की पिंप ओता, वरचा बुडबुडा जागचा हलणार कसा? अदलाबदल करून हवा काढायला दोन तासही लागले नाहीत. एबीएस अजून तेच आहे.

हवा काढण्याची रीत. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ताजं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा. आमच्याकडे पेडलवर सौ. असते. "दाब." "दाबला." "धर." मी निपल पाव आटा सैल करतो, ऑईल आणि बुडबुडे येतात. "गेलं खाली." "धरूनच ठेव, सोडू नकोस!" निपल आवळतो. "आता सोड." हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पाय सुटला, की काढलेली हवा आत परत. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काहींचा क्रम निराळा असतो, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक प्रमाण. दर सात-आठ दाबांनंतर टाकी बघा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत जाऊ देऊ नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात सील सिलिंडरच्या वरच्या भागातच फिरतं, खालचा भाग गंजलेला असू शकतो. त्यावरून घासलं की चांगलं सीलही फाटतं आणि हवा काढायला गेलो नि सिलिंडर घालवून बसलो अशी गत होते. एबीएसमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांत संगणक जोडून झडपा हलवाव्या लागतात. तिथे गॅरेजला पैसे द्यावेत.

ऑईल म्हणायची आपली पद्धत, पण ते तेल नव्हे. टाकीत चुकून इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑईल पडलं तर सगळी रबरं फुगतात, आणि मग सीलपासून नळ्यांपर्यंत सगळं बदलण्यावाचून गत्यंतर नाही. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं तेच घाला. डॉट ५ हे नावाने वरचं वाटलं तरी ते सिलिकोनचं, यांच्याशी मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र याच कुळातलं. हे द्रव रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आणि ते हवेतलं पाणीही शोषतं. यातून एक चौथा, फसवा प्रकार निर्माण होतो. ताजं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. सपाट मिशिगनमध्ये चालणाऱ्या गाडीला याचा पत्ताही लागत नाही. मग उन्हाळ्यात आपण कोलोरॅडोला जातो आणि चौदा हजार फुटांवरच्या पाइक्स पीकवरून ब्रेक दाबत दाबत खाली येतो. कॅलिपरमधलं ऑईल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच: पेडल सरळ तळाला. या रस्त्यावर उतरताना ग्लेन कोव्हपाशी रेंजर थांबवून ब्रेकचं तापमान तपासतात ते याचसाठी. अर्धा तास थांबलं की वाफेचं पुन्हा ऑईल होतं आणि ब्रेक पूर्ववत. गॅरेजवाल्याला दोष सापडत नाही, कारण त्याच्या दारात गाडी थंड होऊन गेलेली असते. दोन-तीन वर्षांनी ऑईल बदलणं आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरणं, यापलीकडे त्यावर औषध नाही. दुसरी गोष्ट आपल्याकडचे जुने ड्रायव्हर कसारा-खंडाळ्याला सांगत आले आहेत.

बऱ्याच हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांना यातलं पुष्कळसं लागू नाही. तिथे पायाला लागणारा ताठपणा अनेकदा कृत्रिम असतो. पेडल एका स्प्रिंगला दाबतं आणि खरा दाब पंप तयार करतो. काहींत इंजिन बंद असतानाही मोठा दाब साठवलेला असतो. त्यांचे निपल घरी उघडू नयेत.

दुरुस्ती स्वतः केली असो वा गॅरेजमध्ये, गाडी घेऊन थेट फ्रीवेवर जाऊ नका. आधी अंगणात इंजिन बंद करून एक मिनिटाची परीक्षा, हलक्या पायाने आणि जोराच्या पायाने. मग इंजिन चालू करून पुन्हा. मग खाली वाकून चारही चाकांजवळ आणि सिलिंडरच्या मागे कोरड्या कागदाने पुसून पाहा, कागद कोरडाच राहिला पाहिजे. त्यानंतर रविवारी सकाळी एखाद्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी दहा मैलांनी चार-पाच वेळा ब्रेक लावून बघा, आणि घरी येऊन टाकीची पातळी पुन्हा एकदा तपासा.